चार चिंचोके

दसऱ्याच्या आदल्या रात्री पिल्लूचं नाक वाहायला लागलं आणि दसऱ्याच्या संध्याकाळी, सोनं द्यायला आलेल्या पाहुण्यांच्या मांडीवर बसल्या बसल्या तो पहिल्यांदा खोकला. बारीक, कोरडा खोकला. सव्वादोन वर्षांच्या मुलाला सर्दी होणं ही काही कुणाला सांगायची गोष्ट नाही. पाळणाघर सुरू झाल्यापासून दर दीड-दोन महिन्यांनी आमच्याकडे हे पडसं मुक्कामाला येतंच. पण ते दिवस २०२५ च्या ऑक्टोबरचे होते आणि आम्ही नागपुरात राहतो.

नागपुरात राहतो हे मुद्दाम सांगते. छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाची मुलं त्या महिन्यात इथल्याच दवाखान्यांत आणली जात होती. सुरुवात प्रत्येकाची सारखीच. थोडी सर्दी, थोडा ताप, खोकला. त्यावर दिलेलं सिरप. आणि मग काही दिवसांत लघवी बंद. तपासणीत त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. चालू शकेल अशी मर्यादा ०.१ टक्का. हे द्रव्य कारखान्यात लागतं, चवीला गोड असतं आणि किडन्या निकामी करतं. वीसहून जास्त मुलं गेली. आपल्या गावातल्या डायलिसिसच्या खोल्यांत दोन-चार वर्षांची मुलं झोपवलेली आहेत, हे वाचून मी रात्री उठून पिल्लूचा लंगोट चाचपत असे, ओला आहे ना म्हणून. त्याला त्या औषधाचा थेंबही मिळालेला नव्हता, तरीही.

३ ऑक्टोबरला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाची सूचना आली: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालच्यांनाही साधारणपणे ती नकोतच. मी फ्रिजचं दार उघडून उभी राहिले. दारात तीन बाटल्या होत्या. एक लाल, एक पिवळी, एकीचं झाकण साखरेनं चिकटून बसलेलं. पावसाळ्यातल्या सर्दीत एकेका डॉक्टरांनी दिलेल्या. तिन्ही दुसऱ्याच कंपन्यांच्या, पण मला आता एकीलाही हात लावायचा नव्हता. मागून सासरे म्हणाले, "जे. जे. मध्ये हेच झालं होतं. ग्लिसरीनमधून." १९८६ ची गोष्ट. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीननं १४ रुग्ण दगावले होते, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता. तेच विष. सासऱ्यांना ते आकड्यासकट आठवत होतं आणि मला ते माहीतही नव्हतं, याचं वाईट वाटलं.

तिन्ही बाटल्या पिशवीत बांधल्या. आणि मग खोलीतून पिल्लूच्या खोकल्याची ढास ऐकू आली. हात रिकामे होते. द्यायचं काय?

त्या रात्री सासूबाई आमच्या खोलीत आल्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्या मूळच्या गडचिरोलीतल्या आरमोरीकडच्या, मी सांगलीची. लग्नाला सहा वर्षं झाली तरी त्यांची एक सवय मला खटकायची. पिल्लूला जरा शिंक आली की त्या त्याचं झबलं गळ्यापर्यंत वर करत आणि उघड्या छाती-पोटाकडे बघत बसत. बोलत काही नसत. मी म्हणायची, आत्या, गार लागेल त्याला. त्या म्हणायच्या, "थांब वं जराशी." बघून झालं की झबलं खाली ओढायचं, वर एक थोपटी मारायची आणि जायचं. त्या रात्रीही तेच. दिवा लावून त्यांनी बाबूचं (त्या त्याला बाबू म्हणतात) झबलं वर केलं. माझा धीर सुटलेला होता. मी जरा तोडूनच विचारलं, काय बघता तुम्ही?

"पोट उडून राहिलं का, ते पायतो," त्या म्हणाल्या. "नाही उडत. नाकातच हाये."

दुसऱ्या दिवशी आम्ही वस्तीतल्या बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. मी नेहमीची उत्तरं तयार ठेवून गेले होते: खोकला सुका की ओला, किती दिवसांपासून, शेंबूड हिरवा की पांढरा. (शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागणार, ही माझी पक्की समजूत. तसं नसतं. साध्या विषाणूच्या सर्दीतही तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी घट्ट, पिवळा-हिरवा होतो.) डॉक्टरांनी पिल्लूला माझ्याच मांडीवर राहू दिलं. तो शांत होईपर्यंत थांबल्या. मग त्यांनी त्याचा सदरा वर केला, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि त्याच्या पोटाकडे बघत राहिल्या. एक मिनिट. पूर्ण एक मिनिट त्या खोलीत कुणी बोललं नाही. पंख्याचा आवाज येत होता.

"चौतीस," त्या म्हणाल्या. "छान."

मी आत्यांकडे पाहिलं. त्या डॉक्टरांच्या हाताकडे बघत होत्या, त्या वर केलेल्या सदऱ्याकडे.

त्या दिवशीच्या चिठ्ठीवर फक्त मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब आणि ताप आला तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल होतं. आणि खाली, कागदाच्या कोपऱ्यात, त्यांनी पेनानं लिहून दिलं: '४०'. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास, तो शांत असताना किंवा झोपेत, पूर्ण मिनिट मोजायचा. चाळीस किंवा त्याहून जास्त भरला तर फोन करत बसायचं नाही, घेऊन यायचं. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाला हा आकडा पन्नास, दोन महिन्यांच्या आतल्याला साठ. आणि आकडा काहीही असो, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसले, मूल पाणी-दूध पिईनासं झालं, सगळंच उलटू लागलं, झटका आला, हाका मारूनही नीट जागं होईना, किंवा शांत बसलेलं असताना श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज आला, तर रात्र-मध्यरात्र बघायची नाही. दोन महिन्यांखालच्या बाळाला नुसता ताप आला तरी घरी थांबायचं नाही.

घरी येताना मला रितं रितं वाटत होतं. पाचशे रुपये देऊन मिठाचं पाणी. खोटं कशाला बोलू, आपल्याला बाटली हवी असते. चमच्यात काहीतरी ओतलं, मुलाच्या तोंडात गेलं, की आपण काहीतरी केलं असं वाटतं. ती बाटली निम्म्याहून जास्त आपल्यासाठीच असते.

मग हळूहळू ते मिठाचं पाणी काय करतं ते कळायला लागलं. प्रौढ माणसाची श्वासाची नळी आठ मिलिमीटर धरली तर तान्ह्याची चार. आतून सगळीकडून एक मिलिमीटर सूज आली तर मोठ्या माणसाची सहा राहते, थोडं कोंडल्यासारखं होतं इतकंच. बाळाची मात्र दोन उरते, आणि हवेला होणारा अडथळा सोळापट होतो. आपल्याला जी नाक चोंदल्याची कटकट असते ती त्यांची रात्रभराची मेहनत असते. पहिले काही महिने तर बाळं मुख्यतः नाकानंच श्वास घेतात. म्हणून चोंदलेलं बाळ छातीला लागलं की दोन घोट घेतं आणि रडत तोंड सोडतं. आपण म्हणतो दूध कमी पडलं. नाकात शेंबूड असतो.

पिल्लूला थेंब घालायची रीत मला तीन दिवसांत बसली. पहिल्या दिवशी मी त्याचे हात धरले, यांनी डोकं धरलं आणि थेंब त्याच्या कानात गेला. मग आत्यांनी पाय लांब करून भिंतीला टेकून बसकण मारली, पूर्वी बाळाला न्हाऊ घालताना बसतात तशी, त्याला पायांवर उताणं घेतलं, पंच्याची गुंडाळी मानेखाली सरकवली. डोकं आपोआप मागे झुकलं. दोन थेंब एका नाकपुडीत. तो दचकला, गिळलं त्यानं. दहापर्यंत मोजायचं, मग दुसरीत दोन. मग उभा धरायचा आणि मऊ धुतलेल्या सुती कापडाच्या टोकानं बाहेर येईल तेवढंच टिपायचं. आत काडी-कापूस काही खुपसायचं नाही. पाच मिनिटांत घट्ट दोरीसारखा शेंबूड बाहेर आला आणि तोंड उघडं ठेवून झोपणारा मुलगा तोंड मिटून झोपला. मिटलेल्या ओठांकडे मी किती वेळ बघत बसले होते. जेवणाआधी आणि झोपेआधी हे केलं की बाकी बरंच आपोआप होतं: तो जेवतो, झोपतो, आणि घशात मागे उतरणारा शेंबूड कमी झाला की रात्रीची ढासही कमी होते.

एका रात्री खोकून खोकून त्यानं उलटी केली. चादर, उशी, माझा गाऊन, सगळं. मी घाबरले. आत्यांनी उलटीकडे बघून सांगितलं, सारा कफ आहे. एवढ्या मुलाला थुंकता कुठे येतं, दिवसभर गिळत राहतो. उलटी झाली आणि तो लगेच मोकळा झाला, पाणी मागून प्याला.

सांगलीची आई तोवर दिवसातून चारदा फोन करत होती. तिच्याकडे यादी होती. तुळस, आलं, गवती चहा. ओव्याची पुरचुंडी. विड्याच्या पानाला तेल लावून छातीला शेक. वेखंड उगाळून. धुरी. हळद-दूध. आईच्या यादीला मी कधीच हसणार नाही. त्यात माझं सगळं लहानपण आहे. तव्यावर भाजलेल्या ओव्याचा वास आला की मला आजही आजोळच्या माजघरातली गोधडी आठवते. पण या वेळी मी एकेक गोष्ट डॉक्टरांना विचारून घेतली आणि जे कळलं ते इथे लिहून ठेवते आहे, कारण आपल्या घरोघरी हे सगळं एकाच पुरचुंडीत बांधलेलं असतं. त्यात चांगलं आणि धोक्याचं शेजारी शेजारी असतं.

मध चांगला. वर्षावरच्या मुलाला झोपण्यापूर्वी अर्धा चमचा मध दिला की रात्रीचा खोकला निवतो. याचे अभ्यास झालेले आहेत आणि घसा शांत करायला घरचं गोड-कोमट काही द्या, हे जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलेलं आहे. पण वर्षाच्या आत मध अजिबात नाही. बोटभरही नाही. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात, तान्ह्याच्या आतड्यात ते वाढतात आणि स्नायू लुळे पडू शकतात. आपल्याकडे जन्मल्या जन्मल्या सोन्याच्या वळ्यानं मध चाटवतात, गुटी मधात उगाळतात. हे थांबायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

ओव्याची पुरचुंडी चालेल, कोमट, आणि आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून. तिच्यात कापूर मात्र घालायचा नाही. लहान मुलांना कापरानं झटके येऊ शकतात. छातीला चोळायचे बाम कापराचेच असतात, ते दोन वर्षांखाली नकोत आणि नाकपुडीत तर कुणाच्याच नकोत. देव्हाऱ्यातली कापराची डबी खाली ठेवलेली होती, ती मी त्याच दिवशी वरच्या फळीवर टाकली.

धुरीचं सांगताना मला जड जातं. न्हाऊन आलेलं बाळ, शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकलेला ओवा, वावडिंग, लसणाची सालं, आणि त्या धुरात धरलेलं ते गुलाबी अंग. आमच्या आईनं आम्हा तिघांना अशी धुरी दिली. पण धूर तो धूरच. आधीच सुजलेल्या दोन मिलिमीटरच्या नळीत तो जातो. बंद खोलीतली कोळशाची शेगडी तर जिवावर बेतू शकते. उदबत्ती, धूप, मच्छरांची कॉइल, बाबांची गॅलरीतली सिगरेट, सगळं त्याच रांगेत. मी आईला फोनवर म्हटलं, धुरी नको. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरं. ओवा तरी शेक."

वाफेचंही तसंच. उकळत्या पाण्याचं पातेलं आणि त्यावर पांघरुणाखाली मूल, यानं कफ सुटतो असं कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. पातेलं कलंडून भाजलेली मुलं मात्र दवाखान्यांत येतात. आम्ही न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून दार लावून दहा मिनिटं बसायचो, मी स्टुलावर, तो मांडीवर, बदकाशी बोलत. औषध म्हणून नाही, त्याला बरं वाटतं म्हणून. शेजारच्या ताईंनी त्यांचं नेब्युलायझरचं यंत्र आणून दिलं, फार प्रेमानं, सोबत त्यांच्या मुलीचं उरलेलं औषधही. यंत्र ठेवून घेतलं, औषध परत केलं. एकाच्या दम्याचं औषध दुसऱ्याच्या सर्दीला नाही.

रविवारी दुपारी, पिल्लू झोपला असताना, मी आत्यांना गडचिरोलीच्या मण्यांची गोष्ट वाचून दाखवली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आपल्या 'सर्च' या संस्थेतून १९८८ पासून तिथल्या गावांत न्यूमोनियाचं काम सुरू केलं. दायांना आणि गावातल्या आरोग्यसेवकांना न्यूमोनिया ओळखायला आणि गोळ्या-औषध द्यायला शिकवलं. ओळखायचा कशावरून? क्ष-किरण नाही, स्टेथोस्कोप नाही. श्वास मोजून. पण ज्या बाईला पन्नासपर्यंत मोजता येत नाही तिनं काय करायचं? म्हणून त्यांनी मण्यांचं एक साधन तयार केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी गाठला तर न्यूमोनिया. तान्ह्यांसाठी एक तार, मोठ्यांसाठी दुसरी. ज्या गावांत हे काम झालं तिथं न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू इतर गावांच्या मानानं निम्म्याहून कमी राहिले, आणि १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं.

मी हे मोठ्या उत्साहानं वाचत होते. आत्या शेंगा निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"डब्बा म्हणत आमच्याकडे त्याले," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला ते सांगितलं जे लग्नाच्या सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. यांच्या आधी एक मुलगी होती. सात महिन्यांची. १९८१ चा पावसाळा, तेव्हा गडचिरोली जिल्हाही झालेला नव्हता, सारं चंद्रपुरातच. रोवणे सुरू होते, सगळं गाव चिखलात. तिला आधी नुसती सर्दी झाली. तिसऱ्या दिवशी पोट उडायला लागलं. "श्वास घेतला का बरगडीखाली असा खड्डा पडे," आणि त्यांनी सुपातली एक शेंग उचलून, अंगठ्यानं तिच्या टरफलाला मधोमध दाबून मला दाखवलं. सासूनं जाणत्याला बोलावलं. त्यानं पोटावर बिब्ब्याचे चटके दिले. नदीला पाणी होतं. चौथ्या रात्री ती गेली.

"म्या पायलं होतं," आत्या म्हणाल्या. "मले दिसलं होतं. पण पाहून करू काय?"

मी त्या वर केलेल्या झबल्याचा विचार करत राहिले. सव्वादोन वर्षं मी म्हणत होते, गार लागेल. त्या बाईला कुणी घड्याळ दिलं नव्हतं, आकडा दिला नव्हता, गोळी दिली नव्हती. पण कुठे बघायचं ते तिला वयाच्या विसाव्या वर्षी कळलं होतं आणि चव्वेचाळीस वर्षं ती तिथंच बघत होती. स्वतःच्या दोन्ही मुलांच्या वेळी, जावेच्या, नणंदेच्या मुलांच्या वेळी, आणि आता माझ्या. डॉक्टरही तिथंच बघतात. आपण खोकल्याचा आवाज ऐकत बसतो. आवाज मोठा असतो म्हणून आपल्याला तोच आजार वाटतो. खोकला तर झाडू आहे, आतला कचरा बाहेर लोटतो. बघायचा तो श्वास. त्याला आवाजच नसतो बहुतेक वेळा, त्यासाठी झबलं वर करावं लागतं.

संध्याकाळी आत्यांनी शिंकाळ्यातल्या जुन्या डब्यातून चार चिंचोके काढून आणले, धुऊन पुसून. "चाळीसले चार," त्या म्हणाल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत त्या, चाळीस काय चारशे मोजतील. पण मध्येच मुलानं कूस बदलली, खोकला आला, की आकडा हातून सांडतो. दहा मोजायचे, एक चिंचोका स्टीलच्या वाटीत टाकायचा. मी फोनवर मिनिट लावायचं. सरावाला त्याच रात्री मोजलं. तीन चिंचोके पडले आणि वर दोन श्वास. बत्तीस. मग चिंचोके डबीत घालून वर ठेवले, दोन वर्षांच्या मुलाच्या हाती चिंचोका लागला तर दुसरंच संकट.

सोमवारी कोजागिरी. दूध आटत होतं, केशर-जायफळाचा वास घरभर. आत्यांचं म्हणणं, बाबूले दूध नको, कफ होते. मी डॉक्टरांचं सांगितलं, दुधानं कफ वाढत नाही, घोट दाट लागतो म्हणून तसं वाटतं. त्यांनी ऐकलं, पण चांदीच्या वाटीतून दिले ते दोनच चमचे.

रात्री साडेबाराला तो तापानं फणफणलेला उठला. ताप आधी उतरला होता, तो पुन्हा चढला. एकशे दोन. श्वास भराभर चालला होता. माझ्या हातापायांतलं बळ गेलं. आत्या उठून आल्या, दिवा लावला, झबलं वर केलं. मी मिनिट लावलं. टण्. टण्. टण्. आणि मिनिट संपायला बराच वेळ असताना चौथा, टण्.

मला रडू फुटलं. हे गाडीची किल्ली घेऊन आले. आत्या मात्र वाकून बघत होत्या, अगदी जवळून, बरगड्यांखाली. "खड्डा नाही," त्या म्हणाल्या. "थांब. ताप हाये त्याले." तापात श्वास वाढतोच, हे डॉक्टरांनीही त्या '४०' सोबतच सांगितलं होतं: मूल नीट पीत असेल, छाती आत ओढली जात नसेल, तर ताप उतरवून, शांत झाल्यावर पुन्हा मोजा. वाटीनं पाणी दिलं, प्याला. ओठ गुलाबी होते. माझ्याकडे बघून "बदक" म्हणाला. पॅरासिटामॉल दिलं, कपडे सैल केले. यांनी गाडी दाराशी आणून उभी केली आणि बूट घालूनच सोफ्यावर बसले. किल्ली हातातच.

चाळीस मिनिटं. मी त्याला खांद्यावर उभा धरून फेऱ्या मारत होते. त्याचा गरम गाल माझ्या मानेला. हळूहळू मानेला घाम लागला, त्याचा. अंग सैल झालं. झोपला. आम्ही त्याला अंथरुणावर ठेवला, जरा थांबलो, आणि आत्यांनी झबलं वर केलं.

मी मिनिट लावलं. त्या छोट्या पोटावर दिव्याचा उजेड पडला होता. वर, खाली. वर, खाली. आत्यांचे ओठ हलत होते. टण्. मग बराच वेळ काही नाही, किंवा मला तसं वाटलं. टण्. पंखा बंद होता, बाहेर कुणाच्या तरी गच्चीवर कोजागिरीची गाणी अजून चालू होती. तिसरा पडला तेव्हा मी फोनकडे बघायचं बंद केलं आणि त्यांच्या मुठीकडे बघू लागले. मूठ घट्ट होती, शिरा वर आलेल्या. ओठ हलतच होते. पाच असतील, सहा असतील.

फोन वाजला.

आत्यांनी श्वास सोडला. झबलं खाली ओढलं, वर एक थोपटी मारली. सकाळी डॉक्टरांकडे जायचंच होतं, ताप परत आला तर दाखवा असं त्यांनी सांगितलं होतं, आणि आम्ही गेलोही. छाती मोकळी होती. खोकला त्यानंतरही पंधरा दिवस रेंगाळला. असा तो रेंगाळतोच, निम्म्या मुलांचा दहा दिवसांत जातो, दहातल्या एकाचा पंचवीस दिवसांनंतरही राहतो.

पण त्या रात्री ते काही माहीत नव्हतं. यांनी बूट काढले. मी दिवा मालवला. अंधारात आत्या तिथंच भिंतीला टेकून बसून राहिल्या. सकाळी मी उठले तेव्हा त्या बसल्या बसल्याच झोपल्या होत्या, वाटी शेजारी, तीन चिंचोके वाटीत आणि चौथा अजून मुठीत.